दाराआडचा चेलो

...नाही, छान काय त्यात? मला आधी ते सांगा! जो भेटतो तो हेच, "डेल, तुझी टेसा काय चेलो वाजवते रे रोज! पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येतं, नशीबवान आहेस लेका!" नशीबवान! अहो, ती वाजवत असती तर नशीबवान ना? ती वाजवतच नव्हती! मग कोण वाजवत होतं म्हणता? तेच तर सांगतोय, जरा दम धरा, मला आधी माझं रडगाणं गाऊ द्या.

आता लिंडन फॉल्सला माणूस घर का घेतो? शाळेसाठी! छप्पर गळू दे, तळघरात पाणी येऊ दे, पण शाळा पाहिजे. आणि शाळा आहे हो, खोटं कशाला बोलू? कॉलेजच्या पातळीचं गणित आहे, रसायनशास्त्र आहे, नाटक आहे, मातीची भांडी करायला भट्टी आहे, बँड आहे, वाद्यवृंद आहे... आणि हे सगळं एकाच पोरानं करायचं, एकाच दिवसात, आणि तेही मिस्टर हॅडलींच्या वेळापत्रकात! हॅडली म्हणजे आमचे उपमुख्याध्यापक. करड्या सुटातला, करड्या केसांचा माणूस. पालकसभेत दोन्ही हात पसरून म्हणतो कसा, "सर्वांगीण विकास, मिस्टर होरवाथ! सर्वांगीण!" आणि ह्याच गृहस्थानं वाद्यवृंद आणि वरचं रसायनशास्त्र एकाच तासाला लावलेलं. म्हणजे अंगं सगळी, पण तास एक! पोरांनी काय करायचं? जे सगळे करतात ते. रसायन धरायचं आणि वाद्य सोडायचं. पूर्वी व्यासपीठावर दाटीवाटीनं बसायचा तो वाद्यवृंद, आता नाताळच्या कार्यक्रमात मधल्या रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसतात.

आणि मी? मी हॅडलींच्याच बाजूचा होतो, तुम्हाला सांगतो! कॉलेजवाले काय विचारणार, चेलो? टेसा दहावीत. मी म्हटलं, "बाळ, वसंतात काय ते ठरव, पण ठरव म्हणजे रसायनच ठरव." ती म्हणाली, "बाबा, तू मला विचारतोयस की सांगतोयस?" मी म्हटलं, "विचारतोय, पण उत्तर मला माहीत आहे."

तर सप्टेंबरात शाळेनं तिला तो चेलो दिला, खुर्चीत बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं ते थोरलं व्हायोलिन. शाळेचाच, जुनाट, कडेला पोचा आलेला. पोरं येतात, जातात, चेलो तोच. मी माझ्या गाडीतून आणला, औजारांच्या पेट्यांशेजारी आडवा घालून. त्याचं ते काळं खोकं माहीत आहे ना? गाडीत घातलं की शवपेटी समजून शेजारपाजारचे टोप्या काढतात. तिच्या खोलीत खुर्चीला टेकवून ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मी कामावरून आलो तर दाराआडून... ऊंऽऽ... ऊंऽऽऊंऽऽ... वर वर वर चढत... ऊं... खर्रर्र! आणि थांबलं. आणि पुन्हा पहिल्यापासून!

मी खूश! स्वयंपाकघरात कॉफी घेत ऐकत बसायचो. म्हटलं, पोरीत चिकाटी आहे. वाजवायची काय तर एकच तुकडा. हळू, उदास, कुणीतरी जिना चढत जावं तसा, आणि वर पोचता पोचता घसरायची. खर्रर्र! मग जराशी शांतता, एक उसासा, बुटाचा जमिनीवर ठोका, आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज. तीच चूक, त्याच जागी. मी नोरीनला, म्हणजे बायकोला, म्हणालो, "अगं, हिला त्या एका जागी कुणी काही शिकवत का नाही?" नोरीन म्हणाली, "तू आपल्या घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त कर. संगीतात तोंड घालू नकोस."

आणि मग फेब्रुवारीतला तो मंगळवार. बर्फ पडलेलं, मी लवकर परतलो, कॉफी ओतली, आत आपलं चालू... ऊंऽऽ... ऊंऽऽऊंऽऽ... मी सहज खिडकीतून बाहेर बघतो तर टेसा. अंगणात. फावड्यानं बर्फ ओढतेय, कानात ते गाण्याचं यंत्र, तोंडानं गुणगुणतेय. आणि आत... खर्रर्र!

कप हातातच राहिला हो. मी बाहेर बघतो, ती तिथं. आत ऐकतो, तो उसासा. बुटाचा ठोका. आणि पुन्हा पहिल्यापासून!

आता तुम्ही काय केलं असतंत? पळाला असतात? मी नाही पळालो. शौर्य कसलं डोंबलाचं, माझा धंदाच तो! लोकांच्या घरातले आवाज शोधायचे हेच माझं पोट. भट्टीतली गरम हवा पत्र्याच्या नळातून जाते, तो पत्रा रडतो, कण्हतो, शीळ घालतो. म्हाताऱ्या बायका मला फोन करतात, 'मेलेला नवरा बोलतोय', आणि मी जाऊन एक स्क्रू पिळतो की नवरा गप्प. तेव्हा मी म्हटलं, नळच असणार. ताठ मानेनं गेलो, दार उघडलं...

शांत.

खोलीत कुणी नाही. चेलो खुर्चीला टेकलेला. पण जाड तार अजून थरथरत होती. उन्हाच्या पट्ट्यात राळेची धूळ उडत होती, ते वाजवायच्या गजाला घासतात ना, ती राळ. मी खुर्चीवर हात ठेवला. गरम! आणि आमची मांजर, बिस्किट, पलंगावर बसून खुर्चीकडे बघत होती. बैठकीकडे नव्हे, वर. बसलेल्या माणसाचं तोंड असतं ना, तिथं. आणि घुरघुरत होती, लाडात! मी तिला म्हटलं, "बिस्किट, इकडे ये." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की कार्यक्रम चालू असताना दार काय उघडतोस, मूर्खा?

दार लावून मी बाहेर उभा. आत खुर्ची करकरली. उसासा. आणि पुन्हा पहिल्यापासून...

टेसाला धरलं. "हे काय आहे?" तर कार्टी म्हणते कशी, "ओह. ते होय?" ओह! ते होय! पहिल्या दिवसापासून तिला माहीत! "सांगितलं का नाहीस?" "बाबा, तू इतका खूश होतास... आणि मला वाटलं, माझ्या वाटचं तोच वाजवतोय तर वाजवू दे. मला भूमितीचा अभ्यास असतो." घ्या! भुताकडून सराव करून घेत होती! "भीती नाही वाटली?" तेव्हा म्हणाली, "भीती नाही रे. वाईट वाटतं. तो खूप प्रयत्न करतो." नोरीन संध्याकाळी आली, दाराला कान लावला, चेहरा उतरला, पण बाई खंबीर, म्हणाली, "सिगरेट तर ओढत नाही ना? मग राहू दे, जेवायला चला."

जेवायला चला! मी दोन दिवस नळ उघडून पत्रा न् पत्रा ठोकून बघितला. घर थंडीनं कुडकुडलं, आवाज तसाच. शेवटी मी मिसेस ओलेक्सींना बोलावलं. ह्या वाद्यवृंदाच्या बाई, जन्म शाळेत गेला, एवढ्याशा, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांना आधी काही सांगितलं नाही, नुसतं दाराबाहेर उभं केलं. आत सुरू होतं. ऊंऽऽ... बाई ऐकत होत्या. डोळे मिटलेले. वर वर वर... खर्रर्र!

बाई म्हणाल्या, "अरे, हा तर रसेल!"

मी म्हटलं, "कोण रसेल?"

"पोरांचे चेहरे मी विसरते, मिस्टर होरवाथ. चुका नाही विसरत. हा सूर करंगळीनं घ्यायचा असतो. हा तिसऱ्याच बोटानं ताणायला जातो आणि तोकडा पडतो. एवढं ओरडायचे मी, करंगळी, रसेल, करंगळी! फार गुणी पोरगा होता हो. वसंतातल्या कार्यक्रमात शाळेच्या ह्याच चेलोवर त्याला एकट्याला वाजवायचं होतं. पण वडिलांनी मध्येच काढला, गणिताचा जादा तास लावला. एका शुक्रवारी इथपर्यंत येऊन अडकला, घंटा झाली, म्हणाला, 'बाई, सोमवारी बघतो.' आलाच नाही."

नोरीननं छातीवर क्रूसाची खूण केली. मी हळूच विचारलं, "कशानं गेला बिचारा?"

"गेला? कुठं गेला? शाळेत वरच्या मजल्यावर बसतो की! रसेल हॅडली. तुमचे उपमुख्याध्यापक!"

आता बोला! मेलेल्या माणसाचं भूत समजू शकतो मी. त्याला पर्याय नसतो. पण जिवंत माणसाचं? जो सूट घालतो, ज्याला दाढदुखी होते, जो सकाळी कर्ण्यावरून 'डबे विसरू नका' म्हणून सूचना देतो, त्याचं? तो तिकडं वरच्या मजल्यावर वेळापत्रक लावतोय, आणि इकडं माझ्या घरात सोळा वर्षांचा तो, दाराआड, एकटा, आणि पुन्हा पहिल्यापासून!

म्हटलं, जाऊन सांगायचं. गेलो शाळेत. हॅडलींनी हसून खुर्ची दिली. "बसा, मिस्टर होरवाथ, टेसाच्या रसायनासाठीच आलात ना? उत्तम निर्णय!" मी तोंड उघडलं. पण सांगणार काय? 'साहेब, तुम्ही माझ्या घरी आहात'? आणि तेवढ्यात माझी नजर गेली त्यांच्या डाव्या हाताकडे. बोलताना तो हात टेबलाच्या कडेवर चालत होता. बोटं... एक, दोन... कडेवरून सरकत वर वर... तिसरं बोट ताणलं, लटपटलं, आणि थांबलं. मग हात परत खाली. आणि पुन्हा पहिल्यापासून! आणि वर हा माणूस माझ्याशी कॉलेज प्रवेशावर बोलतोय! आपला हात काय करतोय ह्याचा त्याला पत्ता नाही हो! इतकी वर्षं करत असेल. जेवताना, गाडी चालवताना, झोपेत...

मला इतकी थंडी वाजली म्हणून सांगू! तिथून कधी एकदा सुटतो असं झालं. त्यांनी विचारलं, "मग चेलो बंद, रसायन पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं, पक्कं, एकदम पक्कं," आणि जिना उतरलो तो गाडीतच.

घरी सांगितलं. टेसा रडली नाही, ओरडली नाही. "बरं," म्हणाली. नुसतं बरं. पोरं भांडली की समजावं सगळं ठीक आहे, बरं म्हणाली की घाबरावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात. ती दुधात घातलेले मक्याचे पोहे खात होती. आत त्याचं सुरू झालं. सवयच झाली होती म्हणा. ऊंऽऽ... ऊंऽऽऊंऽऽ... खर्रर्र. उसासा. आणि मग... त्याच्या मागोमाग दुसरा आवाज. बारीक. कच्चा. दुसराच तुकडा, नाचरा, शाळेत टेसाला नवा दिलेला. दोन पावलं टाकायचा, अडखळायचा, आणि आत कुणीतरी हळूच, जिभेनं, 'च्च' करायचं.

टेसा असंच करते. लहानपणापासून. बुटाची नाडी सुटली तरी 'च्च'.

चमचा तिच्या हातातच. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा... ही मी आहे."

माझ्या शेजारी माझी मुलगी बसलेली, हाताला हात लागतोय. आणि दाराआड माझी मुलगी अडकलेली. च्च. आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि मला दिसलं हो, सगळं दिसलं! ही मोठी होणार, कॉलेजला जाणार, कुठल्या तरी शहरात करडा सूट घालून बसणार, हसणार, बोलणार आणि टेबलाच्या कडेवर हिची बोटं चालत राहणार, आणि हिचं हे उरलेलं सगळं इथं, कुणाच्या तरी घरी, कुणातरी परक्याच्या दाराआड... आणि हे कुणी केलं? 'पक्कं, पक्कं, एकदम पक्कं' म्हणणाऱ्या शहाण्यानं!

मी उठलो. गाडी काढली. शाळेत गेलो, जिना चढलो, आत कुणाची तरी बैठक चालू होती, तरी घुसलो. म्हटलं, "हॅडली, चला." "कुठं?" "माझ्या घरी." "मिस्टर होरवाथ, वेळ ठरवून..." मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, सोमवारी बघतो."

बस. एवढंच बोललो. त्या माणसाचा चेहरा... पाण्यावर बर्फाची साय असते ना, तिच्यावर पाय पडला की कशी चहूबाजूंनी तडकते? तसा. कोट घेतला. गाडीत माझ्या औजारांशेजारी बसला. डावा हात मांडीवर, आणि बोटं चाललेली.

घरात शिरलो. टेसा बोळात उभी. दाराआड त्याचं चालू होतं. हॅडली ऐकत राहिले. कुठून येतंय विचारलं नाही, कोण वाजवतंय विचारलं नाही. दारावर कपाळ टेकलं आणि पुटपुटले, "घंटा झाली होती." लहान मुलासारखे! "मी येणारच होतो. घंटा झाली म्हणून..."

आत सुरांचा जिना चढत होता तो. वर... वर... आणि टेसा एकदम ओरडली, घर दणाणलं, "करंगळी! रसेल, करंगळी टाक!"

उपमुख्याध्यापकांना, एकेरीत! पण तेव्हा सुचतंय कुणाला? हॅडलींनी दार ढकललं. आणि इतके दिवस दार उघडलं की शांत व्हायचं ना? नाही झालं. गज हवेत हलत होता. खुर्ची रिकामी, गज हलतोय, तारा दबतायत, एकेक, आपोआप. बिस्किट पलंगावर. मी दाराची चौकट धरून उभा. हॅडली हळूहळू पुढं गेले, कोट काढला, आणि त्या रिकाम्या खुर्चीत... बसले म्हणू? शिरले. जपून, कुणी बसलेलं असावं तसं. गज थांबला. त्यांनी तो हातात घेतला.

वाजवलं. अहो, काय भयानक वाजवलं! आतला तो पोरगा दसपट बरा होता. खर्रर्र. उसासा. बुटाचा ठोका. आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा खर्रर्र. टेसा समोर उकिडवी बसली, त्यांचं डावं मनगट धरून, "अहो, हात आधी वर सरकवा, मग करंगळी. बघू नका, नुसती टाका!" किती वेळ चाललं कोण जाणे, उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला. आणि मग वर वर वर... आणि ऊंऽऽऽऽ! लागला! स्वच्छ, गोल, लांब. त्यापुढचं त्यांना येतच नव्हतं, तिथंच धरून बसले. थोबाडावरून पाणी घळाघळा. आणि खोली... कशी सांगू? पंखा बंद झाला की कळतं ना, इतका वेळ चालू होता? तशी खोली रिकामी झाली. बिस्किट उठली, आळस दिला, निघून गेली.

ह्या माणसानं नंतर काही भाषण-बिषण दिलं नाही हो. नाक पुसलं, कोट घातला, म्हणाले, "मला शाळेत सोडा, चारला बैठक आहे." पण पुढच्या आठवड्यात रसायनशास्त्र सकाळच्या पहिल्या तासाला गेलं. सगळे शिक्षक बोंबलले, रसायनवाला तर अजून माझ्याशी बोलत नाही. आणि एप्रिलच्या कार्यक्रमात शेवटच्या खुर्चीवर करडा सूट! पोरांमध्ये बसून वाजवत होते, निम्मे सूर चुकीचे, मान मात्र ताठ. मिसेस ओलेक्सी हातातल्या छडीनं ताल देता देता मध्येच करंगळी दाखवत होत्या. हॅडलींचा स्वभाव मात्र काही बदलला नाही. टेसा उशिरा आली म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला शाळा सुटल्यावर तासभर बसवून ठेवलं. चांगला माणूस म्हणजे सोपा माणूस नव्हे.

आणि टेसा? दोन्ही करते. रसायनही आणि चेलोही. आता दाराआड खरोखरची माझी मुलगी वाजवते, मी उघडून बघतो ना रोज! पण तुम्हाला सांगतो, काय वाजवते! आता तिनं ठरवलंय, स्वतःच रचायचं. आधुनिक आहे म्हणे. दार कुणीतरी बिजागरीसकट उपटतंय असं वाटतं. दोन दोन तास. मी कामावरून थकून येतो, डोकं ठणकत असतं, नोरीन कानात कापूस घालून भाजी चिरत असते, आणि 'बंद कर' हे शब्द माझ्या ओठांवर येतात... आणि गिळतो. गिळावे लागतात हो! एकदा तोंडातून गेले, पोरीनं मनाला लावून घेतलं, खरंच सोडलं, तर? मग ती जाईल निघून आपल्या वाटेनं, आणि हे... हे माझ्या घरात जन्मभर वाजत राहील!

तेव्हा काय करणार... दारावर टकटक करतो आणि म्हणतो, "छान चाललंय बाळा... जरा अजून वाजव."